कोलाजातला सांधा

छायाचित्रे तयार चौकटींत ओळीने बसवली की कोलाज झाले, हा समज मोबाइलवरील साच्यांमुळे रूढ झाला असला, तरी अशा मांडणीतून फार तर संग्रह दिसतो. कथा जन्मते ती दोन चित्रांमधल्या संबंधातून. ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेल्या या तंत्राला पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास कलेत स्थान मिळवून दिले.

असा संबंध कसा जुळतो, हे एका उदाहरणावरून पाहू. कोलकात्याच्या बालीगंज भागात लेक टेरेसवर इतिहासकार सर जदुनाथ सरकार (१८७०–१९५८) यांचे घर आहे आणि ते आज जदुनाथ भवन या नावाने संग्रहालय व अभ्यासकेंद्र म्हणून ओळखले जाते. या घराची कथा कोलाजमधून सांगायची झाल्यास मराठी वाचकाला जवळचा धागा रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्याशी जदुनाथांच्या दीर्घ स्नेहाचा. १९०४ मध्ये पत्रांनी सुरू झालेला हा स्नेह अर्धशतकभर टिकला. अशा कोलाजात लेक टेरेसचे घर एका टोकाला, सरदेसायांचे कामशेत दुसऱ्या टोकाला आणि मधली जागा बरीचशी मोकळी ठेवून तीत एखादेच पत्र ठेवले, तर टपालाने कापलेले अंतर न सांगता कळते. सर्वांत मोठे चित्र पत्राचे असावे, कारण आकार म्हणजे महत्त्व, आणि इथे नायक पत्रच आहे.

संगणकावर प्रत्येक चित्र स्वतंत्र ‘लेअर’वर, म्हणजे पारदर्शक कागदासारख्या थरावर राहते, तर ‘मास्क’ने त्याचा नको तो भाग न पुसता झाकता येतो, या सोयीमुळे सांधे पूर्ण नाहीसे करणेही सोपे झाले आहे. चित्रकार विवान सुंदरम यांनी ‘री-टेक ऑफ अमृता’ या मालिकेत आजोबा उमरावसिंग शेरगिल यांची छायाचित्रे अशीच एकजीव करून निरनिराळ्या काळांतील माणसे एकत्र आणली. कल्पित भेट हाच तिथे हेतू असल्याने ते शोभते. कागदपत्र पारखल्याशिवाय न स्वीकारणाऱ्या जदुनाथांच्या बाबतीत मात्र दोन वेगळ्या छायाचित्रांतून त्यांना आणि सरदेसायांना बेमालूम एका खोलीत बसवणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणेच होय. म्हणून सांध्यावर बारीक पांढरी रेघ राहू द्यावी, आणि सगळ्या चित्रांना एकच तपकिरी छटा देण्याचा मोह टाळावा.

कोलाजासाठी आपल्या घरातील जुनी छायाचित्रे छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू या दर्जाने स्कॅन करताना त्यांची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेली तारीख बहुधा तिथेच असते.