अठरा पूर्ण झाली, आता लेकरानं जायचं कुठं?



पीयूसीचे निकाल लागले, की आपल्या मेहकर-भालकीकडं घरोघरी एकच विषय असतो. पोराला बिदरला ठेवायचं, उदगीरला पाठवायचं, की लातूरला? मामा खोली बघतो, बाप कुठून तरी पैसे उभे करतो, आई अंथरूण-पांघरूण बांधून देते. याच दिवसांत काही मुलं अशी असतात, की त्यांच्यासाठी खोली बघणारं कुणीच नसतं. ती बालगृहात वाढलेली असतात. कॉलेजात जायचं वय होतं आणि त्याच वयाला अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहही सुटतं. आज त्यांच्याविषयी लिहितो.

कायद्यानं या मुलांना अगदी वाऱ्यावर सोडलेलं नाही, हे आधी सांगायला हवं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४६ व्या कलमात, संस्था सोडणाऱ्या अठरा वर्षांवरच्या मुलाला आर्थिक मदत देता येते. तिला आफ्टरकेअर म्हणतात. ती एकविसाव्या वर्षापर्यंत असते, विशेष कारण असेल तर तेविसाव्यापर्यंत वाढते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिना ४,००० रुपये धरलेले आहेत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. पण हे त्या मुलाला सांगणार कोण? आणि सांगितलं तरी अर्ज भरायला, चकरा मारायला सोबत कोण जाणार?

कागदाचंच बघा. कॉलेजच्या अर्जावर पालकाची सही लागते. उत्पन्नाचा दाखला लागतो. आईबाप नसलेल्यानं कुणाचं उत्पन्न दाखवायचं? कायमचा पत्ता म्हणून काय लिहायचं? आपल्या कल्याण कर्नाटकात ३७१ (जे) कलमानं प्रवेशात आणि नोकरीत राखीव जागा आहेत, पण त्यालाही इथला रहिवासी असल्याचा दाखला लागतोच. त्यातून लेकरू मराठी शाळेत शिकलेलं असेल, तर कचेरीतला कानडी फॉर्म त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

सीमेपलीकडं महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवलं. गोव्याच्या आश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे या मुलीनं त्यासाठी मुख्यमंत्र्यांपर्यंत धडक मारली होती. हेवा वाटावा असं काम केलं पोरीनं. पण ते आरक्षण महाराष्ट्रातल्या मुलांचं. आपल्या गावचा मुलगा उदगीरला शिकायला गेला, तर तिथं तो परराज्यातला ठरतो.

तरीही माझा अनुभव असा, की पैसा आणि कागद यांची सोय झाल्यावरही एक गोष्ट उरते. माझा एक विद्यार्थी होता. हुशार, अक्षर मोत्यासारखं. कॉलेजात प्रवेश मिळाला, फी भरली गेली, वसतिगृहही मिळालं. पहिल्या दिवाळीत वसतिगृह बंद झालं. "गावाला चाललो," असं मित्रांना सांगून तो निघाला आणि चार रात्री बसस्टँडवर काढल्या. गाव होतं कुठं त्याला! नाताळच्या सुट्टीत पुन्हा तेच. दुसऱ्या वर्षाला तो गेलाच नाही. मला हे कळलं तेव्हा तो पुण्याला बांधकामावर कामाला होता. म्हणाला, "सर, अभ्यास जड नव्हता. सुट्टी जड जायची."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. या मुलांना फीइतकीच गरज आहे ती सुट्टीत जाता येईल अशा एका दाराची.

आपल्या मंडळींना हे काम नवं नाही. पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. लिहायला-वाचायला शिकवलं, छापखाना, विणकाम, शेती शिकवली, म्हणजे पुढं पायावर उभं राहता येईल. त्यांची लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती तेव्हा तिचे वडील वारले. तीच मनोरमा बी.ए. झाली आणि १९१२ मध्ये आपल्या गुलबर्ग्यात शाळा निघाली, तिची मुख्याध्यापिका झाली. निजामाच्या राज्यातल्या या मागास मुलखात एका पोरक्या बाईनं आणि तिच्या लेकीनं जे केलं, ते आपल्याला छोट्या प्रमाणात का जमू नये?

मोठी संस्था काढा, असं मी म्हणत नाही. प्रत्येक धर्मग्रामानं एका मुलाची किंवा मुलीची तीन वर्षं जबाबदारी घ्यावी. एका घरानं दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात त्याला आपल्याकडं ठेवावं. रीतसर, फादरांच्या आणि बाल संरक्षण कक्षाच्या माहितीनं. कचेरीचं काम माहीत असलेल्या कुणी निवृत्त माणसानं त्याच्याबरोबर बिदरला जाऊन दाखले काढून द्यावेत. हे काम मी स्वतः आनंदानं करीन. कुणी गादी द्यावी, कुणी एसटीच्या पासाचे पैसे. आणि हे काम सतराव्या वर्षीच सुरू करावं, निकालाच्या दिवशी नव्हे. मूल ख्रिस्ती आहे की नाही, हे विचारू नये. शेजारच्या हिंदू, मुस्लिम बांधवांनीही यात हात घालावा, अशी विनंती आहे.

आणि एक. त्या मुलावर उपकार केल्याची भाषा नको. "आम्ही शिकवलं" हे दहा जणांत ऐकवलं, की त्याची मान खाली जाते. आपल्या पोराला आपण असं ऐकवतो का?

संत जोसेफांना आपण येशूचे पालकपिता म्हणतो. रक्ताचं नातं नसताना त्यांनी मुलाला घर दिलं, नाव दिलं, हातात सुतारकाम दिलं. दर १९ मार्चला आपण त्यांचा सण करतो. येत्या सणाच्या आधी आपल्या धर्मग्रामात अशा एका मुलाचं नाव निश्चित व्हावं, एवढंच मागणं आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मेहकर