बॉक्सला हात शेवटी

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या एका वळणावर माझ्या गाडीचं स्टिअरिंग परत आलं नाही. वळण संपलं, नेहमीप्रमाणे हाताची पकड सैल केली, आणि गाडी वळतच राहिली. समोरून कंटेनर येत होता. दोन्ही हातांनी ओढून गाडी सरळ केली आणि पुढे एका टपरीपाशी बाजूला घेतली. दोनच दिवसांपूर्वी एका गॅरेजमधून ‘प्ले काढून’ आणलेली गाडी होती ती.

गाडी १९९६ ची मर्सिडीज ई २२०. शौकीन तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. मर्सिडीजने १९९४ मध्ये भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, या गाड्यांची जुळणी सुरू केली. म्हणजे माझी गाडी पिंपरीचीच लेक. या पट्ट्याचा बाकीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे: १९५४ चं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये स्थापन झालेली एमआयडीसी, टेल्को, बजाज, मग चाकण, मर्सिडीजही २००९ मध्ये तिकडे स्वतःच्या कारखान्यात गेली. तो विषय इथेच सोडतो, कारण मला गाडीखाली जायचं आहे.

प्ले म्हणजे चाकं न हलवता स्टिअरिंग जेवढं फिरतं तेवढं अंतर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम ३० अंशांपर्यंतचा प्ले चालवून घेतो. घड्याळाच्या काट्यावर हे बारा ते एक इतकं अंतर. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर मोजलं तर कडेला दहा सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. बैलगाडीच्या वेगाला ते ठीक असेल. द्रुतगती मार्गावर एवढा प्ले मला भयंकर वाटतो.

या गाडीत रॅक-पिनियन नाही. (आपल्या अँबेसिडरमध्ये मात्र होतं, मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेलं, हे सांगितलं की अजूनही लोकांना खोटं वाटतं.) इथे आहे तो बॉल-नटचा बॉक्स. स्टिअरिंगच्या दांड्याला वर्म, वर्मच्या आट्यांत पोलादी गोळ्या, गोळ्यांवर सरकणारा नट आणि नटाच्या दातांत अडकलेला सेक्टर शाफ्ट. एका टोकाला पोचलेल्या गोळ्या नळीतून परत सुरुवातीला येतात, अखंड पालखीसारख्या. १९४० च्या कॅडिलॅकवर ही रचना पहिल्यांदा आली.

आता खरी गोम. हे दात मुद्दाम असे कापलेले असतात की चाकं सरळ असताना ते सगळ्यात घट्ट बसावेत आणि वळवताना किंचित सैल व्हावेत. पण गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळच धावते, त्यामुळे झीज होते ती नेमकी मधल्या दातांची. बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू आणि त्याला लॉकनट असतो. बॉनेट उघडून वरूनच हात पोचतो, गाडीखाली झोपावं लागत नाही, हाच तिथला मोह. स्क्रू आवळला की मधला सैलपणा जातो. पण कडेचे दात झिजलेले नसतात, ते आता घट्ट अडकतात. कॅस्टरमुळे, म्हणजे पुढच्या चाकांच्या मागे कललेल्या वळण-अक्षामुळे, चाकांना आपोआप सरळ व्हायचं असतं, बॉक्स त्यांना येऊ देत नाही. माझ्या वळणावर हेच घडलं होतं.

भोसरीच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडी रॅम्पवर चढवली, चाकं टेकलेलीच ठेवली. मला म्हणाले, ‘‘साहेब, इंजिन चालू ठेवा आणि स्टिअरिंग नुसतं डावं-उजवं हलवत राहा, चाक फिरेल इतकं नाही.’’ स्वतः खाली गेले आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवत सरकू लागले. दांड्याचं कपलिंग. बॉक्समधून निघणारा पिटमन आर्म. त्याला जोडलेल्या ड्रॅग लिंकचं टोक. टाय रॉड एंड. सगळीकडून ‘‘चांगलाय’’ येत होतं. डाव्या बाजूला हात थांबला. ‘‘या, हात लावून बघा.’’

तो आयडलर आर्म होता. आयडलर काही वळवत नाही, तो फक्त ड्रॅग लिंकचं दुसरं टोक धरून ठेवतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या तळहाताखाली तो वर-खाली डुलत होता. आधी आर्म कलंडायचा, मगच लिंक हलायची. बुशचं रबर फाटून काळी पूड झालं होतं. जुन्या जीपमध्ये हाच रोग बेल क्रँकला होतो. मधोमध बसलेला तो एक तुकडा झिजला की दोन्ही चाकं मनाला येईल तशी नाचतात, आणि लोक मात्र बॉक्सच बदलत बसतात.

नवे बुश मिळाले, पण ठोकून बसवायला मेस्त्रींनी साफ नकार दिला. शेजारच्या लेथवर बुशच्या बाहेरच्या व्यासाचा एक तुकडा वळवून घेतला, तेवढ्यावर दाब देऊन बुश प्रेसने आत सरकवला. बोल्टची शेवटची आवळणी त्यांनी चाकं सरळ करून मगच केली, नाहीतर रबरात कायमचा पीळ राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या चाकांची बेअरिंगंही तपासली, टायरमधली हवाही.

बॉक्सला हात सगळ्यात शेवटी. ड्रॅग लिंक सोडवून बॉक्स मोकळा केला, लॉकनट सैल केला आणि आधीच्या गॅरेजने आवळलेला स्क्रू थोडा थोडा परत फिरवला. प्रत्येक वेळी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, कुठे अडतंय का. मध्यावर बोटभर प्ले उरला. तो त्यांनी तसाच ठेवला. मीही काढायला सांगितला नाही.

अलाइनमेंट करून संध्याकाळी मी मुद्दाम तळेगावकडे निघालो. तेच वळण, तीच टपरी. पकड सैल केली. स्टिअरिंग तळव्यांखालून सरकत परत मध्यावर आलं.