तांदूळ निवडावेत तसे फोटो

फोटोस्पर्धा झाली की पेपरात विजेत्याचा फोटो येतो, परीक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. पण त्याआधी आलेले शेकडो फोटो एकेक करून ज्यांनी चाळलेले असतात, त्यांची नावं कुणाच्या गावीही नसतात. मैत्रिणींनो, आज थोडं त्यांच्याविषयी. तसं पाहिलं तर हे काम आपल्या हातच्या सवयीचंच. परातीत तांदूळ घेऊन बसावं, खडा दिसला की बाजूला. फक्त इथे बाजूला काढलेल्या प्रत्येक फोटोमागे एक माणूस वाट बघत असतो.

अशा मोठ्या स्पर्धांपैकी एक म्हणजे ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’. जुन्या वास्तूंचे फोटो मागवणारी ही स्पर्धा विकिपीडियाचे स्वयंसेवक चालवतात, पगार-मानधन काही नाही. २०१० साली नेदरलँड्समध्ये ती सुरू झाली. २०११ मध्ये युरोपभरातून १ लाख ६८ हजारांवर फोटो आले आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. २०१२ मध्ये भारत पहिल्यांदा उतरला आणि दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या फोटोनं जगात पहिला नंबर काढला. २०१७ साली तर तो मान आपल्या जेजुरीला मिळाला. खंडोबाच्या देवळात उधळलेला भंडारा आणि त्यात न्हालेली माणसं! त्या वर्षी ५४ देशांतून सुमारे अडीच लाख फोटो आले होते.

आता सांगा, अडीच लाख फोटो परीक्षक बघणार कधी? म्हणून प्रत्येक देशातले स्वयंसेवक आधी निवड करतात आणि शेवटच्या फेरीला एका देशाचे जास्तीत जास्त दहाच फोटो जातात. पहिल्या फेरीत फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. एकच फोटो दोघातिघांना दाखवतात, म्हणजे एकाच्या लहरीवर कुणी बाद होत नाही. यात एक गोष्ट मला फार आवडली. बक्षीस न मिळालेला फोटोही फुकट जात नाही, तो विकिमीडियाच्या संग्रहात राहतो आणि एखाद्या लेखात कामी येतो. पण त्यासाठी वास्तूचं नाव नि ठिकाण लिहिलेलं हवं. नुसतं ‘जुनं देऊळ’ लिहिलं तर कोण ओळखणार?

आमच्या महिला मंडळानं गेल्या वर्षी तालुक्यातल्या जुन्या विहिरी-बारवांची छोटी स्पर्धा घेतली. निवडायला आम्ही पाचजणी. पाठवणाऱ्याचं नाव झाकून फोटो बघायचा, आणि घरातल्या कुणाचा असेल तर त्यावर मत द्यायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. पहिल्या दिवशी हसून पुरेवाट झाली. एकानं साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर आमच्या तालुक्यात आणून बसवली होती! इंटरनेटवर फोटोवरून फोटो शोधता येतो, त्यात दोन मिनिटांत चोरी उघडी पडली. काहींनी फोटो व्हॉट्सॲपवरून साधाच पाठवला. तसा पाठवला की तो लहान होतो, बारकावे जातात, कधी काढला ती माहितीही पुसली जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. चांगले फोटो अशा कारणानं मागे पडले की जीव हळहळतो.

खरी कसोटी मात्र एका बारवेच्या फोटोनं पाहिली. अकरावीतल्या एका मुलीनं साध्या मोबाइलवर काढलेला. तिरपं ऊन, झिजलेल्या पायऱ्या, आणि खालच्या पायरीवर पाठमोरी बसून केस धुणारी एक बाई, मान जराशी वळलेली. पाचही जणींचं ‘हो’. पण फोटोतल्या व्यक्तीची संमती हवी, असा आमचा नियम. “पाठमोरी तर आहे, कोण ओळखतंय?” एकजण म्हणाली. त्यावर आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू बोलल्या, “तिच्या गावचं पोर न् पोर ओळखेल. आपली सून असती तर चाललं असतं का?”

मुलीला फोन केला. ती बिचारी दुसऱ्याच दिवशी फोटो घेऊन त्या बाईंकडे गेली. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाई. फोटो त्यांनी हातात धरून खूप वेळ पाहिला म्हणे. छान आलाय म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, “पण पेपरात नको गं बाय. पदर बघ कुठं गेलाय.”

फोटो स्पर्धेतून काढला. बक्षीस दुसऱ्या फोटोला गेलं, तोही चांगलाच होता, पण आमच्यातल्या दोघी अजून म्हणतात, त्याच्यासारखा नव्हे. मुलगी रडली, हे खरं. बाईंना तिनं एक प्रत नेऊन दिली.

यंदाच्या स्पर्धेचा विषय जुने वाडे. पाचजणींचे डोळे पुरत नाहीत, चष्मेही वाढलेत. रविवारी दुपारी दोन तास देऊ शकणाऱ्या आणखी तीन-चारजणी हव्यात. कॅमेऱ्यातलं काही कळायलाच हवं असं नाही. चहा मंडळाकडून.