मोटारसायकलची मंदी आणि वर्ध्याचा बाजार

मोटारसायकलचा खप घटला की वर्तमानपत्रांत कंपनीचा नफा किती उतरला आणि शेअर किती पडला याच्या बातम्या येतात. पण ज्या जिल्ह्यात गिऱ्हाईक कापूस आणि सोयाबीन विकून शोरूममध्ये येते, तिथे मंदीचे कारण शेअर बाजारात सापडायचे नाही. वर्धा जिल्ह्यात ते हिंगणघाटच्या बाजार समितीत शोधावे लागते.

तसे पाहिले तर वर्ध्याचे या धंद्याशी जुने नाते आहे. आजची बजाज ऑटो ही कंपनी १९४५ साली ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने सुरू झाली. बच्छराज म्हणजे जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेणारे वर्ध्याचे सेठ. कारखाने मात्र आकुर्डी, वाळूज आणि चाकणला झाले. वर्ध्याच्या वाट्याला गिऱ्हाईक होणे तेवढे आले.

अलीकडची सर्वांत मोठी मंदी २०१९ ते २०२२ या काळातली. २०१८-१९ साली देशात २ कोटी ११ लाखांहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या होत्या. पुढच्या वर्षी हा आकडा १ कोटी ७४ लाखांवर आला, त्यानंतर १ कोटी ५१ लाखांवर आणि २०२१-२२ मध्ये १ कोटी ३४ लाखांवर. सगळा दोष कोरोनाच्या माथी मारण्याची सवय झाली आहे. पण घसरण आधीच सुरू झाली होती. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणे सक्तीचे झाले. त्याच महिन्यात आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी बुडाल्याचे उघड झाले आणि हप्त्यावर पैसा देणाऱ्या कंपन्यांनी हात आखडते घेतले. एप्रिल २०१९ पासून नवी ब्रेक प्रणाली सक्तीची झाली, एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन. गाडी प्रत्येक पायरीला महाग होत गेली. शेतमालाचा भाव मात्र त्या चालीने वाढला नाही.

हिशेब करून पाहू. सत्तर हजारांची गाडी धरली आणि सोयाबीनला चार हजार भाव धरला, तर एका गाडीला साडेसतरा क्विंटल सोयाबीन लागते. भाव दहा हजार असेल तर सातच क्विंटल पुरते. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारपेठांत भाव खरोखर दहा हजारांच्या वर गेला होता. मग गाड्या का खपल्या नाहीत? कारण ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात माल नसतो. तो असतो साठेवाल्याच्या गोदामात. दसरा-दिवाळीला नवे पीक निघाले तेव्हा भाव निम्म्याच्या आसपास उतरला होता. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याहून खाली. अशा वर्षी शेतकरी बियाणे-खताची उधारी फेडील की शोरूमची पायरी चढेल?

कापसाचेही तसेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये वेचणीचा कापूस बाजारात येत असतानाच नोटाबंदी झाली. रोखीचा व्यवहार थबकला आणि त्या डिसेंबरात देशातील दुचाकी विक्री आदल्या डिसेंबरपेक्षा २२ टक्क्यांनी घटली. लग्नसराईचा बाजारही त्याच सुमारास असतो. (वराला मोटारसायकल देण्याची प्रथा आपल्या समाजातही शिरली आहे. मंदीमुळे तेवढी एक विक्री बुडाली तर कुणी हळहळू नये.)

आता कारखानदाराचे पाहा. त्याला झळ बसते हे खरे. ऑगस्ट २०१९ मध्ये हीरो मोटोकॉर्पने काही दिवस कारखाने बंद ठेवले होते. पण मोठ्या कारखान्याला दुसरी दारे असतात. २०२१-२२ मध्ये देशातला खप गळाठला असताना बजाजने देशात विकल्या त्यापेक्षा अधिक दुचाकी परदेशात पाठवल्या. आफ्रिकेत भाडोत्री टॅक्सी म्हणून चालणारी ‘बॉक्सर’ त्यात प्रमुख. पुढे नायजेरियाचे चलन कोसळले तेव्हा त्या दारालाही धक्का बसला, पण तोवर देशातली मागणी सावरू लागली होती.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या विक्रेत्याला असे दुसरे दार नाही. कारखान्यातून निघालेली गाडी कंपनीच्या हिशेबात विकलेली असते. शोरूममध्ये ती धूळ खात उभी राहिली तरी तिच्यावरचे व्याज विक्रेताच भरतो. एप्रिल २०१९ पर्यंतच्या दीड वर्षात देशात सर्व प्रकारच्या वाहनांची मिळून २८६ शोरूम बंद पडली, असे विक्रेत्यांच्या महासंघानेच सांगितले होते.

गिऱ्हाइकाची अडचण याहून बिकट. वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक डबघाईला आल्यामुळे २०१४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या पुनरुज्जीवन योजनेत तिचा समावेश करावा लागला. गावाजवळची सहकारी बँक अशी खिळखिळी झाली की माणूस खासगी फायनान्सकडे वळतो. हप्ता दर महिन्याला येतो, पीक वर्षातून एकदा. दोन हप्ते थकले की गाडी ओढून नेण्याची भाषा सुरू होते. गुंडांकरवी गाडी जप्त करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कडक ताशेरे ओढले आहेत, आणि सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. हे दोन्ही मुद्दे हप्तेवाल्यांनी ध्यानात ठेवावेत.

व्याजाबाबत आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी, ही सूरह बकरहची शिकवणही सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने गाडी स्वतः विकत घ्यावी, आपला नफा सांगून किंमत एकदाच ठरवावी आणि ती हप्त्यांनी घ्यावी. उशीर झाला तरी रक्कम वाढवू नये. हा मुराबहाचा साधा प्रकार आहे. हप्ते कापूस-सोयाबीनच्या हंगामाला बांधले तर बुडीतही कमी होईल.

मंदीत चालतो तो दुरुस्तीचा धंदा, आणि त्यात आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. नवी गाडी घेणे पुढे ढकलले की जुन्या गाडीचे इंजिन बोअर होते, क्लच प्लेट बदलते, चेन-स्पॉकेट बदलते. काम वाढते, तशी उधारीही वाढते. पण मोठी अडचण निराळीच आहे. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत साधा कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. आवाज ऐकून बिघाड सांगणारा उस्ताद तिथे थबकतो. सेन्सर तपासायला स्कॅनर लागतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. स्प्लेंडर प्लस सुमारे ६,८०० रुपयांनी स्वस्त झाली. ५,३२८ रुपये हमीभावाने धरले तर सव्वा क्विंटल सोयाबीन वाचले. म्हणजे नव्या गाड्या पुन्हा वाढणार, आणि वॉरंटी संपली की त्याच गाड्या गल्लीतल्या गॅरेजसमोर उभ्या राहणार. एका गॅरेजला स्कॅनर परवडत नसेल तर आर्वी, पुलगाव किंवा हिंगणघाटच्या तीन-चार उस्तादांनी मिळून एक घ्यावा, आणि दहावी झालेल्या शागिर्दाला आयटीआयचा अर्ज भरून द्यावा. प्रवेश साधारण दहावीच्या निकालानंतर सुरू होतात.