‘मिटलं’ या शेऱ्याच्या पलीकडे

म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याला लागलं की साधारण 45 किलोमीटरवर हुणसूर येतं. लक्ष्मणतीर्थ नदी, तंबाखूची शेतं, पुढे नागरहोळेचं जंगल. इथल्या बाईला नवऱ्याचा मार असह्य झाला, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिच्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेला आहे. कर्नाटकात हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे दिलं गेलं. म्हणजे अंगणवाड्यांचा आहार, सेविकांची हजेरी आणि घरगुती घटना अहवाल, सगळं एकाच टेबलावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) कर्नाटकातल्या 44.4 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. टेबलावरचं ओझं किती असेल, ते यावरून समजावं.

अशी तक्रार समुपदेशकापर्यंत पोचते, तेव्हा त्याच्या नोंदवहीत शेवटी एक ओळ येते: ‘समजूत काढली. मिटलं.’ वरिष्ठ खाली सही करतात. माझ्या मते सगळं प्रशिक्षण या सहीपाशी सुरू व्हायला हवं. शिकलेली पर्यवेक्षक सही करण्याआधी पेन खाली ठेवते आणि विचारते: बाईशी एकटीशी बोललात का? सासू दाराशी होती का? त्याने कधी गळा दाबला होता का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी 1985 मध्ये जिवाचा धोका ओळखण्यासाठी प्रश्नावली तयार केली. गळा दाबलेल्या बाईचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढतो, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. अंगावर वळ नाहीत म्हणून अशी केस ‘किरकोळ’ ठरली, तर ती चूक एकट्या समुपदेशकाची नसते.

महाराष्ट्राकडे अशा जाणत्या देखरेखीचा जुना अनुभव आहे. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. छप्पर पोलिसांचं, मार्गदर्शन मात्र समाजकार्याच्या जाणकारांचं. 2000 मध्ये ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. अशा कामात केस मांडून तिच्यावर बोलणं हा कामाचाच भाग मानावा लागतो. दिवसभर मारहाणीच्या कहाण्या ऐकणारी मुलगी संध्याकाळी कुणापाशी तरी मोकळी झाली नाही, तर सहा महिन्यांत ती एक तर नोकरी सोडते, नाहीतर ऐकणंच सोडते. दुसरं जास्त वाईट.

मार्च 2022 मध्ये केंद्र सरकारने बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेसोबत ‘स्त्री मनोरक्षा’ हा उपक्रम सुरू केला, हिंसा सोसलेल्या बायकांना मदत करणाऱ्या सखी केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. हे हवंच होतं. पण शिकून परतलेल्या समुपदेशकाला वरिष्ठांनी ‘किती केसेस मिटवल्या?’ एवढंच विचारलं, तर ते शिक्षण महिनाभरही टिकणार नाही. हुणसूरसारख्या तालुक्यात तर शेजारी बसून केस बघणारं माणूस हवं. म्हैसूरहून फोनवर हे होत नाही.

वाचकांना एकच विनंती. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, ते या दिवाळीत शोधून काढा. आणि त्यांना विचारा, हे काम तुम्हाला कुणी शिकवलं?