कान गेले, पण कलेक्टर होणे राहिले नाही

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. धरणाजवळच वीजघर आहे. अशा गावात एखादे लेकरू हाकेला ओ देत नाही, तेव्हा आई म्हणते, पोरगं हट्टी आहे. गुरुजी म्हणतात, याचे लक्ष नाही. मग गाव त्याला 'बहिरा' म्हणू लागते आणि त्या दिवसापासून, 'तू मोठेपणी कोण होणार रे?' हे त्या लेकराला कोणी विचारत नाही.

माता-भगिनींनो, शेजारच्या नांदेड जिल्ह्यात देगलूरला सौम्या शर्मा सहायक जिल्हाधिकारी होत्या. सोळाव्या वर्षी त्यांचे ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. त्यांनी कानाला मशीन लावले, कायद्याची पदवी घेतली आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१७ च्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात देशात नववा क्रमांक मिळविला. मुख्य परीक्षेच्या दिवसांत अंगात सणसणून ताप होता. पुढे त्या नागपूर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

कोणी म्हणेल, दिल्लीत वाढलेल्या मुलीचे ठीक आहे, मजुराच्या घरी काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर राजस्थानात आहे. अलवर जिल्ह्यातील एका खेड्यात निरक्षर मजूर आईबापांच्या पोटी मनीराम शर्मा जन्मले. शाळकरी वयातच कान गेले. चालत शाळेला जाऊन ते शिकत राहिले, नोकरी केली, पीएच.डी. झाले. लोकसेवा आयोगाची परीक्षा त्यांनी एकदा नव्हे, तीनदा पार केली. तरी आयएएसची दारे बंदच! कारण काय, तर थोडे कमी ऐकू येणारा चालेल, पूर्ण बहिरा चालणार नाही. शेवटी कानात यंत्र बसविण्याची महागडी शस्त्रक्रिया झाली, ऐकू येऊ लागले आणि २००९ च्या परीक्षेनंतर त्यांना आयएएस मिळाले. परीक्षा पार करूनही नियमाने त्यांची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली.

आता २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना किमान चार टक्के जागा आहेत. त्यातला एक टक्का बहिऱ्या व कमी ऐकू येणाऱ्यांचा. पण जागा मिळायची तर आधी शाळा पुरी व्हावी लागते आणि शाळा पुरी व्हायची तर लेकराला भाषा यावी लागते, मग ती तोंडाची असो की हातवाऱ्यांची. सौम्याताईंचे कान गेले तेव्हा बोलणे पक्के झालेले होते. जन्मतः बहिऱ्या बाळाचे तसे नसते. त्याची पहिली पाच वर्षे 'बोलेल हळूहळू, बापही उशिराच बोलला' या भरवशावर गेली, तर पुढे मशीन लावूनही पुष्कळ उणीव राहते. घरातल्या म्हाताऱ्यांचा मान राखावा, पण या एका बाबतीत त्यांचे ऐकू नये.

अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला सरकारी पथक येते, त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नका. जिल्हा रुग्णालयात कान तपासून दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. कमी उत्पन्नाच्या घरांना केंद्राच्या योजनेतून कानाचे मशीन मोफत किंवा अल्प किमतीत मिळते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही बहिऱ्यांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. जाताना रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत घ्या, म्हणजे एका कागदापायी मजुरी बुडवून दुसरी खेप पडणार नाही.