सोन्याला चिकटलेला पारा

पेरूच्या आग्नेय भागात, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, माद्रे दे दिओस नावाचा प्रांत आहे. तेथील सोन्याच्या खाणी कोलारच्या, २००१ मध्ये बंद पडलेल्या खाणीसारख्या खोल नाहीत. नदीकाठची वाळू उपसून तीतले धुळीएवढे सुवर्णकण वेचणे, हाच तेथील हजारो गरिबांचा उद्योग. असे कण हाताने वेचता येत नाहीत, म्हणून वाळूत पारा कालवतात. पारा सोन्याला धरून ठेवतो. मग फडक्यातून पिळून काढलेला रुपेरी गोळा उघड्या आगीवर तापवला, की पारा उडून जातो आणि सोने उरते.

‘उडून जातो’ असे म्हणायचे एवढेच! वस्तुतः त्यातला काही भाग आगीपाशी बसलेल्याच्या फुप्फुसात जातो, आणि श्वासावाटे आत गेलेल्या या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीर शोषून घेते. वाफेला रंग नाही, वासही नाही. हातांना कंप सुटतो, झोप उडते, स्मरण ढळते, मूत्रपिंडे बिघडतात. पण जेथे डॉक्टरच दुर्मीळ, तेथे ही लक्षणे हिवतापाच्या खाती सहज जमा होतात. उरलेला पारा नदीत उतरतो. गाळातील जीवाणू त्याचा मिथिल पारा करतात. तो लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो आणि अखेर गर्भवतीच्या ताटात येतो. गर्भातील मेंदूवर त्याचा आघात सर्वांत क्रूर असतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला रोग याच विषाचा होता. मात्र तेथे दोषी कारखाना एक होता. येथे पारा ओतणारे हात असंख्य आहेत, आणि पहिले बळीही तेच.

पेरू सरकारने मे २०१६ मध्ये या प्रांतात साठ दिवसांची आणीबाणी पुकारली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ला पाम्पा या बेकायदा खाणवस्तीत पोलीस आणि सैनिक घुसवले. वस्ती उठली, खाणकामगारांपैकी अनेक जण दुसरीकडे वाळू उपसू लागले. पोट घेऊन आलेला माणूस बंदुकीला भिऊन दुसरे काय करणार?

उपाय अज्ञात आहे असेही नाही. झाकणबंद लोखंडी पात्रात गोळा तापवून नळीतून वाफ थंड केली, तर बहुतेक पारा परत मिळतो. फिलिपीन्समधील बेंगेट प्रांतात तर पाऱ्याऐवजी टाकणखार वापरून सोने वितळवणारे कामगार आहेत. परंतु ज्याच्यापाशी परवाना नाही त्याला कर्ज कोण देणार, आणि शिकवायला कोण जाणार? २०१७ मध्ये अमलात आलेल्या मिनामाता करारात उघड्यावरील ज्वलन बंद करण्याचे कलम आहे. भारतही त्या कराराचा सदस्य आहे, आणि पेरूच्या सोन्याचा एक मोठा गिऱ्हाईकही. पण सराफाच्या तराजूत सोन्याचे वजन तेवढे दिसते. ते कोणत्या आगीवरून आले हे विचारण्याची पद्धत अजून तरी पडलेली नाही.